मीटिंगच्या खुर्च्या

"आक्का, उठा," शिपाई म्हणाला. "खुर्ची पाहिजे. मीटिंग आहे."

"कालही होती की."

"काल, माल वेळेवर का जात नाही याची होती. काल काय ठरलं ते कुणाला आठवत नाहीये, म्हणून आज परत."

आक्का उठली. शिवणखात्यात तिच्याइतकी जुनी बाई दुसरी नव्हती, आणि तिच्या खुर्चीइतकी जुनी खुर्चीही नव्हती. खुर्चीचा मोडका पाय आक्कानेच चिंध्यांनी आवळून बांधला होता. शिपायाने ती उचलली, मग बाकीच्याही एकेक करून नेल्या. कंपनीत साहेब वाढत गेले होते, खुर्च्या तेवढ्याच राहिल्या होत्या.

टेबलांवर डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांचे ढीग पडले होते. बटणं लावायचं मशीन कधीचं बंद. त्याचा पार्ट मागवला तर भलत्याच मशीनचा आला, आणि आता पार्ट आलाच आहे तर ते मशीनही घेऊन टाकू, असा साहेबांचा विचार चालला होता. तोवर बटणं हातानेच. संध्याकाळी गाडी येणार होती. आज माल गेला नाही तर नव्या बायकांना घरी बसवीन, असं थोरल्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. आणि सगळ्यांत नवी होती आक्काची सून.

खाली बसायची सोय नाही. पांढऱ्या कापडाला धूळ लागली की कोट बाद. बायका कोट खांद्यावर टाकून उभ्या-उभ्याच बटणं लावू लागल्या. थोड्याच वेळात सुनेच्या बोटात सुई घुसली. कोटाच्या खिशावर लाल ठिपका पडला.

"आई, आता काय करू?" तिचा चेहरा उतरला.

"थुंकी लाव, निघेल. आणि रडू नकोस, त्याचा डाग निघत नाही." आक्काने आपली सुई बाहीला टोचली आणि कोट हातावर घेतला. "चला गं सगळ्या."

"कुठे?"

"बसायला."

मीटिंगच्या खोलीत थोरले साहेब फळ्यासमोर उभे होते. हातातलं पेन उमटत नव्हतं, तरी लिहीत होते. त्यांच्या मागे चिंध्या बांधलेली खुर्ची रिकामी होती. आक्का सरळ जाऊन तीत बसली, कोट मांडीवर पसरला आणि बटण लावू लागली. बाकीच्या बायका एकेका साहेबाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मानेमागे सुई घेतलेली बाई उभी असली की माणसाचं बसण्यात लक्ष राहत नाही. एक साहेब उठले, मग दुसरे, मग खुर्च्या सरकल्याचा एकच गलका झाला.

थोरले साहेब वळले. "आक्का! अहो, इथे मीटिंग चाललीय."

"चालू द्या की. आमची काही आडकाठी नाही."

"माल का अडकतो, तेच शोधतोय आम्ही."

"शोधा, शोधा. मी त्याच्यावरच बसलेय."

फळ्याजवळचे एक धाकटे साहेब हसले, आणि लगेच खोकल्यासारखं करून गप्प झाले. बायकांचे हात भराभर चालू लागले. शिवून झालेले कोट मीटिंगच्या टेबलावर पडू लागले. साहेब लोक पाण्याचे ग्लास उचलून त्यांना जागा करून देऊ लागले.

आक्काचा दोरा संपला. तिने नवा तोडला, आणि दोरा न् सुई थोरल्या साहेबांपुढे धरली.

"एवढा ओवून द्या."

"मी?"

"रोज माझी सून ओवून देते. मला जवळचं दिसत नाही. तिला घरी बसवणार म्हणालात ना? मग आत्तापासून सवय करून घ्या."

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून बटण लावत होती. बोटाला चिंधी बांधलेली, हात मात्र थांबला नव्हता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटला आणि सुई खिडकीच्या उजेडाकडे धरली. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदाही.

"सावकाश," आक्का म्हणाली. "गाडी संध्याकाळी आहे."