समुद्रापलीकडून आलेलं कार्ड

कांदिवलीतल्या श्यामसुंदर वैद्यांच्या अँटेनाने समुद्रापलीकडचं टीव्ही स्टेशन पकडलं. तसं त्यांनी पत्राने कळवलं, तर उलट कार्ड आलं, ‘तुम्हीही आम्हाला स्वच्छ दिसता.’

शेजारच्या दशरथ परबांचा नुसता जळफळाट झाला. त्यांच्या टीव्हीवर मुंग्यांखेरीज काही येईना. शेवटी त्यांनी श्यामसुंदरांनी जपून ठेवलेल्या आणि मिरवलेल्या पत्राच्या प्रतीची शब्दन् शब्द नक्कल केली आणि खाली आपली सही ठोकली.

दशरथांनाही कार्ड आलं. ‘चित्र उत्तम. तुमच्या खुर्चीत श्यामसुंदर बसलेत आणि नलिनीबाई त्यांना चहा देताहेत.’

खुर्चीत दशरथच बसले होते.

“अगं नलिनी,” त्यांनी बायकोला हाक मारली, “माझ्या कार्डावरही तो श्याम्याच!”

नलिनीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

“साखर बेतानेच घातलीय हं, श्यामभावजी. बसा, हे येतीलच इतक्यात.”