गुरुजींची जिलेबी

“गुरुजी, हा पट्टा हाये का फास? दोन बोटं तरी जातात का मंधात?” सुशिलाबाईंनी सकाळी सकाळीच घनश्याम गुरुजींना धारेवर धरलं.

गुरुजी उत्तर द्यायला गेले आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. सदतीस वर्षं शाळेत पोरांना दटावणारा हा माणूस, पण नाकाला रुमाल लावून फाटकाआड गुपचूप उभा राहिला.

“आमच्यानं सांभाळणं होत नाही हो, बाई. तुम्ही आहात म्हणून चाललंय.”

“दिसूनच राहिलं,” म्हणत सुशिलाबाईंनी पट्टा एक भोक सैल केला.

जिलेबी ही गुरुजींची कुत्री, आणि तिच्या केसांनीच त्यांना शिंका यायच्या. शेपटी गोल वळलेली, म्हणून हे नाव सुशिलाबाईंनीच ठेवलं होतं. गुरुजी तर तिला नुसतं ‘ए’ म्हणायचे.

अर्जुनीच्या त्या गल्लीत कुत्री तीन, आणि मालक एकापेक्षा एक. सायकल दुरुस्त करणाऱ्या खुशालचा शेरू. पण शेरू जवळ आला की हा गडी पाय उचलून स्टुलावर चढणार. शेजारच्या सुलोचनाबाईंचा काळू. पण त्याच्यापुढे भाताचं ताट सरकवायचं तर झाडूच्या दांड्यानं. कशाला पाळतात ही माणसं, देव जाणे. मग काय, तिन्ही कुत्र्यांना तलावाच्या पाळीवर फिरवून आणणं, अंगावरचे गोचीड वेचणं, लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यात नेणं, सगळं सुशिलाबाईंकडे आलं होतं. मालक गावाला गेले की कुत्री मुक्कामालाच यायची. बाई रोज मालकांच्या नावानं ठणाणा करायच्या आणि रोज मनातल्या मनात त्यांचे उपकार मानायच्या.

उपकारच होते ते. दोन वर्षांपूर्वी बिसरामभाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, गेले आणि बाईंनी अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. चूल पेटवायची कोणासाठी? दोन महिने असे गेले. एक दिवस गुरुजी पुठ्ठ्याच्या खोक्यात एक कुईकुई करणारं पिल्लू घेऊन दारात आले. “हे काही खात नाही, बाई. बघता का जरा?” बाई उठल्या. पिल्लासाठी मऊ भात शिजवला, आणि उरलेला आपण खाल्ला. त्या भाताची चव अजून त्यांच्या तोंडात होती. पुढच्या महिन्याभरात शेरू आला, काळू आला.

बिसरामभाऊंनी मात्र चाळीस वर्षांच्या संसारात, बाईंनी कितीदा मागूनही, एकही पिल्लू उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. कुत्र्याचं नाव काढलं की यांच्या कपाळाला आठ्या. म्हणून बाई रोज फिरून आल्या की लुगड्यावरचे केस झटकत फोटोपुढे उभ्या राहायच्या. “पाहा, उमेंद्रचे बाबा. एक नाही, तीन-तीन. घ्या.” थोडं चिडवणं, थोडा जुना राग.

आज मात्र त्या फोटोपुढे थांबल्याच नाहीत. मुलगा उमेंद्र चार दिवसांपूर्वी पुण्याहून आला होता, दोन तिकिटं घेऊन. आज दुपारच्या गाडीनं गोंदिया, तिथून पुणे.

पोरगा वाईट नव्हता. “आई, तुझा फोन नाही लागला की मले घास गिळत नाही,” म्हणायचा. पण त्याचं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर बाईंनी पाहिलं होतं. तो आणि सून सकाळी कामाला गेले की दिवसभर समोर भिंत. तिथं आपण पुन्हा अंथरूण धरणार आणि या वेळी उठणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पोराला सांगायचं कसं?

“अन् कुत्र्याइचं कोन करन?” एवढंच त्या चार दिवस म्हणत राहिल्या.

“आई, त्या लोकांना कुत्र्यांचा त्रासच होऊन राहिला,” उमेंद्र म्हणाला. “मी काय आंधळा आहे का? देऊन टाकतील कोणाले तरी. सुटतील बिचारे. मग तुझं काय अडलं?”

बाई पिशवीत लुगडी भरायला लागल्या. खोटं काय होतं त्यात?

अकराच्या सुमाराला त्या जिलेबीला घेऊन गुरुजींकडे निघाल्या. मागून उमेंद्र. बाईंनी फाटक उघडलं, पट्टा गुरुजींच्या हातात दिला आणि पदरानं डोळे पुसले.

“गुरुजी, मी दुपारी पुण्याले चालली. तुमी लय केलं माह्यासाठी. विश्वासानं आपलं जनावर हाती दिलं, नाही तं मी केव्हाच मेली असती. आता हिले चांगलं घर पाहून देऊन टाका. तुमाले सोसत नाही.”

गुरुजींना शिंका सुरू झाल्या. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण त्यांनी पट्टा सोडला नाही.

“देता येत नाही, बाई.”

“काऊन?”

“शब्द दिला आहे. मी, खुशालनं, सुलोचनाबाईंनी, तिघांनीही.”

“कोनाले?”

गुरुजींनी रुमाल खाली घेतला. एकदा उमेंद्रकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“बिसरामभाऊंना. जायच्या आधी त्यांनी आम्हा तिघांना दवाखान्यात बोलावून घेतलं, हात जोडले अन् म्हणाले, ‘मी गेल्यावर सुशिला उठनार नाही. पोरगा तिले नेतो म्हनन. तिचा पाय गावातून निघू नये, म्हनून तुमी एकेक कुत्रं आना.’”