हात वर

कबड्डीची फायनल, गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई! राऊळ सर खुर्चीवर उभे राहून "धर, धर तिला!" असं लेकीला, शर्वाणीला, ओरडून सांगत होते. 'माणूस मुळात सच्चाच असतो, लबाडी त्याला जग शिकवतं,' हा सरांचा लाडका सिद्धांत. कॉलेजात तो शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नव्हता.

चढाईला आलेली पोर विजेसारखी घुसली, कोपऱ्यातल्या शर्वाणीकडे पाय फेकून पसार झाली. पंचांना काहीच दिसलं नाही. त्यांनी चढाई रिकामी ठरवली. आता जादा डाव, म्हणजे अजून आशा! सगळं मैदान नाचायला लागलं.

तेवढ्यात शर्वाणीनं हात वर केला.

"पाय लागलाय मला. मी बाद आहे," ती पंचांना म्हणाली. म्हणजे सामना गेला.

"अगं, हात खाली घे! कुणी पाहिलं नाहीये!" सर बेंबीच्या देठापासून ओरडले.

आवाज ओळखून शर्वाणीनं वळून पाहिलं. हात तसाच वर.

सर खुर्चीवरून उतरले. मग बाद झालेल्या खेळाडूसारखा त्यांनीही हळूच हात वर केला.