मिरचीचं 'अहो'

दिगंबरराव बाजारात गेले होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून लाडिक हाक आली, "अहो, ऐकलंत का?"

कुमुदताईंचं डोकं सणकलं. दिव्यांखाली वाढवलेल्या त्या मिरचीच्या पानाला बॅटरीवरची पेटी लावून तिला बोलतं केल्यापासून दिगंबररावांचा मुक्काम तिच्यापाशीच असे. बायकोशी महिनाभर पुरवायचे तेवढे शब्द ते मिरचीवर एका चहात उधळत. आणि ही सटवी 'अहो' म्हणायला शिकली ती कुमुदताईंचंच ऐकून!

"ते बाहेर गेलेत," त्या दारातूनच म्हणाल्या.

"बोर्ड तापलाय हो! सगळे दिवे एकाच एक्स्टेन्शनवर लावलेत. माझी पानं भाजतायत."

प्लगमधून खरंच धूर निघत होता. कुमुदताईंनी मेन स्विचवर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या.

"यापुढे त्यांना काय म्हणशील?"

"अहो..."

"काका म्हणायचं."

"काका! काका! बंद करा ना, काकू!"

खटकन अंधार झाला.

दिगंबरराव परतले तेव्हा बोर्ड अर्धा वितळला होता. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण अंधारातून मिरची म्हणाली, "आलात, काका?" आणि ते पिशवीसकट मटकन खाली बसले.