राखाडी डोक्याचा पोपट

‘जांभळ्या डोक्याचा पोपट देखणा, चाणाक्ष आणि बोलका. राखाडी डोक्याचा मुखदुर्बळ, सामान्य.’

सतरा वर्षांच्या निरीक्षणानंतर गावस सरांचं रानपोपटांच्या दोन जातींची तुलना करणारं पुस्तक उद्या छापायला जाणार होतं.

डबा घेऊन रानात आलेल्या त्यांच्या बायकोनं समोरच्या झाडाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. जांभळ्यानं फळ आणलं. राखाडीनं ढोलीतून मान काढून ते घेतलं.

“अहो, या दोन जाती नव्हेत. हे नवरा-बायको आहेत.”

“कशावरून?”

“सतरा वर्षं एका ढोलीत राहूनही दोन जातींचे वाटतात. आणखी काय पुरावा हवा?”

सरांनी वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदाच दुर्बीण तिच्यापुढे धरली.

“राहू दे. मला इथून दिसतंय,” असं म्हणत तिनं डबा उघडला.