चौदावी पाहुणी

थॉर्नलीची सगळी जमीन निपुत्रिक काकांनी आमच्या दादाच्या नावावर केली आणि आम्हां दोघी बहिणींना दादाने कारभाऱ्याच्या पडक्या घरात ठेवलं. मेजवानीला तेरा माणसं झाली की अपशकुन टाळायला चौदावी म्हणून आमच्यापैकी एकीला बोलावणं यायचं. मग माझ्या बहिणीची, लेटिसची, निनावी कादंबरी लंडनभर गाजली, लेखिका कोण ते फुटलं आणि दादाने आम्हां दोघींना मेजवानीला बोलावून तिला थेट मानाचे पाहुणे लॉर्ड स्टॅव्हर्ट यांच्या शेजारी बसवलं. मला नेहमीसारखं दाराजवळ. "हिला लिहायला मीच बसवलं," हरणाचं मांस कापता कापता दादा सांगत होता. "माझ्याच ग्रंथालयात लिहिलंय सगळं." त्या ग्रंथालयाला त्याने आमच्यासाठी कायम कुलूप लावलं होतं, वाचून बायकांची डोकी बिघडतात म्हणे. लेटिसने स्वयंपाकघरात, पीठ मळायच्या टेबलावर ती कादंबरी लिहिली होती. मी रागाने काहीतरी बोलणार, तेवढ्यात लेटिसने विचारलं, "दादा, त्यातला सर जाइल्स तुला कसा वाटला?" "उत्तम. अस्सल सभ्य गृहस्थ. अगदी आपल्यातला." सर जाइल्स म्हणजे वारसा हाती येताच बहिणींना घराबाहेर काढणारा भाऊ. ज्यांनी पुस्तक वाचलं होतं त्यांचे काटे हवेतच थांबले. वहिनी लालबुंद झाली. "अगदी तुमच्यातलाच," लॉर्ड स्टॅव्हर्ट म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादाचा नोकर निरोप घेऊन आला: कादंबरीचे तिन्ही भाग ताबडतोब वाचायला पाठव. "विकत घे म्हणावं त्याला," लेटिस म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.