एक वाक्य, एक श्वास

मण्यार चावली आणि रंजीताचं सारं अंग लुळं पडलं. पापणीही उघडेना. डॉक्टरांनी घशात नळी घातली. तालुक्याच्या दवाखान्यात श्वास देणारं यंत्र नव्हतं, म्हणून नळीला जोडलेली रबरी पिशवी सासूच्या, रुखमाबाईंच्या हाती दिली. भीतीनं त्या ती भराभर दाबू लागल्या.

"बाई, घाई नाई," सिस्टर आबिदा म्हणाली. "एक वाक्य बोला, मंग एकदा दाबा."

"हिच्यासारखी धानाचं रोवणं करणारी साऱ्या गावात नाई." पिशवी दाबली. "मोहफुलं वेचाले गेली का हिचीच टोपली पयले भरते." पिशवी दाबली. रुखमाबाईंची वाक्यं संपतच नव्हती.

नळी निघाली तेव्हा गावच्या बाया भेटायला आल्या. रुखमाबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "आधीच कामाले ढिली, आता तर बहाणाच भेटला हिले."

रंजीता बसक्या आवाजात हसली. "आत्याबाई, माहे डोळे मिटले होते, कान नाई. पिशवी दाबताना काय काय म्हणत होत्या, सांगू का बायांले?"

रुखमाबाईंनी मान ताठ केली.

"सांग ना! त्यातलं एक तरी खोटं हाये का?"